यंत्राला सुटतं ते कोडं कसलं?

जे कोडं यंत्राला सुटतं ते कोडंच नव्हे, असं माझं पक्कं मत होतं. उमेदीची वर्षं शब्दकोडी रचण्यात घालवलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार? एका साप्ताहिक पुरवणीसाठी मी आडवे-उभे शब्द जुळवत आलो. शोधसूत्रात एखादा श्लेष नीट बसला की तो दिवस बरा जायचा. कोडं म्हणजे दोन डोक्यांमधली खोडी, एकाने काढायची आणि दुसऱ्याने ओळखायची, अशी माझी व्याख्या होती. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात ती मी टाळ्या घेत सांगितलीही होती. त्याच भाषणात, हल्लीची मुलं संगणकावर 'कोडी' म्हणून जे काही सोडवतात त्याची मी यथेच्छ टिंगल केली होती.

टिंगलीला निमित्त होतं माझी पुतणी. ती इंजिनिअरिंगला आहे. "काका, मी पण कोडी सोडवते, सायबर सिक्युरिटीची," असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक माळ होती. त्यात लहान-मोठी अक्षरं आणि आकडे यांची सरमिसळ, आणि शेवटी बरोबरची दोन चिन्हं. तिने ती माळ उचलली, दुसऱ्या खिडकीत चिकटवली, एक बटण दाबलं. खाली स्वच्छ इंग्रजी वाक्य उमटलं.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं."

"मग यात तू काय केलंस?"

"ओळखलं," ती म्हणाली.

मला ते उत्तर पळवाटेसारखं वाटलं. बटण यंत्राने दाबून घेतलं, उत्तर यंत्राने काढलं, हिने फक्त 'ओळखलं'. आमच्याकडे वाचक एकेका शब्दासाठी शब्दकोश पालथे घालतात, आणि हे दीड मिनिटात आटोपतं! मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो.

आता तो निकाल मी फिरवला आहे. कसा फिरला ते सांगायचं तर आधी या कोड्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी.

या प्रकाराला 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणतात, मुलांच्या तोंडी नुसतं 'सीटीएफ'. लास व्हेगासला भरणाऱ्या 'डेफ कॉन' या हॅकर मंडळींच्या मेळाव्यात १९९६ पासून अशी स्पर्धा होते. तिथल्या अंतिम फेरीत कसलेले संघ एकमेकांच्या यंत्रणांवर हल्ले चढवतात आणि आपली यंत्रणा राखतात. ते आपलं काम नव्हे. नवख्यांसाठी प्रकार वेगळा: सुटी सुटी कोडी, प्रत्येकाला गुण ठरलेले. एखादी फाइल, एखादं चित्र किंवा एखादं वेबपान दिलेलं असतं आणि त्यात कुठेतरी एक ठरावीक साच्याची ओळ लपवलेली असते. तिला 'फ्लॅग' म्हणायचं. ती सापडली, चौकटीत टाकली, की गुण. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'पिकोसीटीएफ' नावाची स्पर्धा सुरू केली. तिची जुनी कोडी सरावाला कायम उघडी असतात. पुतणीने मला तिथेच नेऊन बसवलं. "भाषणात नावं ठेवता, तर दहा सोडवून दाखवा," एवढंच म्हणाली.

पहिली काही कोडी पाहून माझं मत उलट बळकट झालं. 'द नंबर्स' नावाचं एक कोडं आहे. एका चित्रात नुसते आकडे: १६, ९, ३, १५, ३, २०, ६, मग महिरपी कंस, आणि कंसात आणखी आकडे. ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं मोजत गेलं की पहिले सात आकडे 'पिकोसीटीएफ' हेच नाव सांगतात. कंसातलंही तसंच मोजून काढायचं. चौथीतल्या मुलाला जमेल. मी पुतणीला तसं म्हणालोसुद्धा. तिने मला एक गोष्ट ऐकवली, आणि ती मी नंतर पडताळून घेतली. सिसिलीतल्या माफियाचा म्होरक्या बेर्नार्दो प्रोव्हेन्झानो ४३ वर्षं फरार होता. तो फोन वापरत नसे, टंकलिखित चिठ्ठ्यांवर कारभार चालवी. काही चिठ्ठ्यांत माणसांची नावं आकड्यांत असत. पद्धत हीच, फक्त तीनने पुढे सरकवलेली: ए म्हणजे ४, बी म्हणजे ५. एप्रिल २००६ मध्ये तो पकडला गेला, तेव्हा त्या आकड्यांनी पोलिसांना फार काळ अडवलं नाही. अक्षरं तीन घरं सरकवण्याची युक्ती ज्युलियस सीझरच्या नावावर आहे. म्हणजे दोन हजार वर्षं जुनं कुलूप लावून एवढा मोठा गुन्हेगार निर्धास्त होता. चौथीतल्या मुलाला जमेल असं कोडं मोठ्या माणसांनी जिवावर बेतेल अशा कामात वापरलं होतं, ही बाब मला जरा खटकली. पण मत बदलावं इतकी नाही.

मत हललं ते 'मराठी' या शब्दापाशी.

ती बरोबरच्या चिन्हांनी संपणारी माळ असते ना, तिला 'बेस सिक्स्टीफोर' म्हणतात. (आपल्याकडे कामसूत्रातल्या कलाही चौसष्टच, आणि त्यात सांकेतिक लिखाणाची एक कलाही आहे, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.) जुनी ईमेल यंत्रणा साध्या इंग्रजी मजकुरापुरती बेतलेली होती. तिच्यातून फोटो किंवा इतर लिपीतला मजकूर पाठवला तर वाटेत मोडतोड व्हायची. म्हणून सगळा ऐवज २६ मोठी अक्षरं, २६ लहान अक्षरं, दहा आकडे आणि दोन चिन्हं एवढ्यांतच लिहून काढायची सोय केली. संगणकाचे तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार चिन्हं करायची. शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरच्या चिन्हांनी भरती करायची. यात गुप्त काहीच नाही. पोहोचवायची पिशवी आहे ही, तिजोरी नव्हे.

पुतणी म्हणाली, "तुमचा आवडता शब्द टाकून बघा." मी देवनागरीत 'मराठी' टाइप केलं.

माझ्या शब्दकोड्यात 'मराठी' तीन घरांत मावतो. म, रा, ठी. काना-वेलांटी अक्षराच्या अंगावरच असतात, त्यांना वेगळं घर मी कधी दिलं नाही, कुणीच देत नाही. संगणकाच्या हिशेबात मात्र हा शब्द पाच घरांचा निघाला: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. युनिकोडच्या तक्त्यात या पाचांना स्वतंत्र क्रमांक आहेत. पुढे प्रत्येकाला साठवायला तीन-तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा. आणि पंधरा बाइटांची बेस सिक्स्टीफोरमध्ये वीस चिन्हं. तीन, पाच, पंधरा, वीस! ज्या शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलं त्याची ही वंशावळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग ती वीस चिन्हं मी चार-चारच्या गटांत लिहून काढली. पाचपैकी चार गटांची सुरुवात अगदी एकसारखी होती: आकडा ४, मोठा के, मोठा एस. बदलत होतं ते फक्त चौथं चिन्ह. पाचव्या गटात एसच्या जागी डब्ल्यू आला होता. मी कागदावर हिशेब मांडून त्याचं कारण शोधलं. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरीला १२८ जागा दिल्या आहेत. पहिल्या ६४ मध्ये मराठीची सगळी व्यंजनं आणि काना-ऱ्हस्व वेलांटीपर्यंतची चिन्हं बसतात, दीर्घ वेलांटीपासून दुसरे ६४ सुरू होतात. एस म्हणजे पहिला वाडा, डब्ल्यू म्हणजे दुसरा. दोन शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असल्याने ती आली की पुढचा सगळा साचा एका घराने घसरतो, हेही मग लक्षात आलं.

मला काय झालं ते नेमकं सांगतो. मराठी वाचकांच्या ईमेलमध्ये विषयाच्या जागी कधी कधी असली माळ येते. अशी पत्रं माझ्याकडे कितीतरी आली होती. 'फॉण्ट बिघडला' असं म्हणून मी ती उघडत असे. त्या प्रत्येक माळेत ४, के, एस पुन्हा पुन्हा असणार आणि मी ते बघूनही पाहिलं नसणार. आता तसली माळ दिसली की यंत्राला हात लावायच्या आधीच मला कळतं, आत देवनागरी आहे. पुतणीने जे 'ओळखलं' होतं ते हे होतं.

यावर माझ्यातला हट्टी माणूस लगेच म्हणाला: बरं, पण ओळखायचं कामही यंत्र करतंच की. खरं आहे. 'सायबरशेफ' नावाचं एक साधन आहे, ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्याने बनवलेलं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं. त्यात 'मॅजिक' नावाची सोय आहे. माळ टाकली की हा कुठल्या पद्धतीचा मजकूर असावा, याचे अंदाज ती स्वतःच बांधते. मी खूश झालो, माझा मुद्दा पुन्हा उभा राहिला. पण पुढचं कोडं होतं एका मांजराच्या फोटोचं, नाव 'इन्फर्मेशन'. फोटोत मांजर आहे, बाकी काही नाही. मी मांजराच्या मिशा मोजल्या, पार्श्वभूमीतली रेघन्‌रेघ तपासली. फ्लॅग चित्रात नव्हताच. फोटोच्या फाइलला चिकटून जी माहिती जाते, म्हणजे कुणी काढला, हक्क कुणाचे वगैरे, त्यातल्या परवान्याच्या रकान्यात बेस सिक्स्टीफोरची एक माळ होती. माळ सापडल्यावर ती उलगडायला यंत्राला एक क्षण पुरला. पण त्या रकान्यात डोकावायचं, हे यंत्राला कुणी सांगायचं?

त्यानंतरचं एक कोडं मात्र मला शब्दकोडेकार म्हणूनसुद्धा मनापासून आवडलं. नाव 'ट्रान्सफॉर्मेशन'. फाइल उघडली तर आत चिनी दिसणारी अक्षरं. "याला चिनी येणारा माणूस लागेल," मी म्हणालो. पुतणी गप्प राहिली. ती हिंट देण्यात फार कंजूष आहे. सोबत प्रोग्रामची एक ओळ दिलेली होती, तिचा अर्थ मात्र तिने सांगितला: पहिल्या अक्षराचा क्रमांक २५६ ने गुणायचा, त्यात दुसऱ्या अक्षराचा क्रमांक मिळवायचा, आणि येणाऱ्या क्रमांकाचं जे अक्षर असेल ते लिहायचं. म्हणजे इंग्रजीची दोन अक्षरं एकाच घरात कोंबलेली, आपण जोडाक्षर कोंबतो तशी. लहान पीचा क्रमांक ११२, आयचा १०५. ११२ गुणिले २५६ म्हणजे २८६७२, अधिक १०५, झाले २८७७७. आणि २८७७७ या क्रमांकावर युनिकोडमध्ये एक चिनी अक्षर बसलेलं आहे. फाइलमधलं पहिलं अक्षर नेमकं तेच! चिनी भाषेचा काडीचा संबंध नव्हता. दोन-दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसून चिनी वस्तीत जाऊन पोहोचली होती, एवढंच.

इथे एक गोष्ट ध्यानात आली. फ्लॅगची सुरुवात नेहमी स्पर्धेच्या नावाने होते, म्हणून पहिलं अक्षर 'पी-आय'चं असणार हे मला आधीच ठाऊक होतं. त्या आधारावर गुणाकार ताडून बघता आला. हे तर आमचंच तंत्र. उभ्या शब्दाने आडव्या शब्दाचं एक अक्षर दिलेलं असतं, त्यावरून बाकीचा शब्द ओढून काढायचा. आणि हा विचार मनात आल्यावर मी माझ्याच भाषणात अडकलो.

कारण त्या वाचनालयातल्या भाषणाचा उत्तरार्ध होता ब्लेचली पार्कवर. शब्दकोडेवाल्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, मलाही. १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने आपल्या कचेरीत स्पर्धा भरवली: शब्दकोडं १२ मिनिटांच्या आत सोडवून दाखवा. त्यात चमकलेल्यांपैकी काहींना पुढे युद्धखात्याकडून बोलावणं आलं आणि ते जर्मनांचे गुप्त संदेश फोडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये कामाला लागले. शिवाय त्याच दैनिकाचे कोडेकार लिओनार्ड डॉ यांची गोष्ट: मे १९४४ मध्ये त्यांच्या कोड्यांत 'युटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड' असे नॉर्मंडीच्या स्वारीचे सांकेतिक शब्द एकामागून एक उत्तरं म्हणून आले, आणि हेरखात्याची माणसं या शाळामास्तरांच्या दारात चौकशीला उभी राहिली. त्यांच्यावर काही शाबीत झालं नाही. हे सगळं सांगून मी श्रोत्यांना पटवत असे की शब्दकोडं ही केवढी थोर गोष्ट आहे.

पण ब्लेचलीत काम कसं चालायचं? जर्मनांच्या एनिग्मा या गुप्तलेखन यंत्राची जुळणी शोधायला ट्युरिंग आणि वेल्चमन या गणितज्ञांनी घडवलेली 'बॉम्ब' नावाची कपाटाएवढी यंत्रं तिथे खडखडत असत. शक्यता माणसाने तपासायच्या म्हटल्या तर आयुष्य पुरलं नसतं. माणसाचं काम त्याच्या आधीचं: संदेशात कुठला शब्द असणार याचा अंदाज. हवामानाचा संदेश असेल तर 'हवामान' या अर्थाचा जर्मन शब्द असणारच. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. म्हणून तो अंदाजाचा शब्द गुप्त मजकुराखाली धरून सरकवत न्यायचा. एक जरी अक्षर वरच्याशी जुळलं तरी ती जागा बाद. अशी बसणारी जागा सापडली की ती यंत्राला द्यायची. ओळखणं माणसाचं, कष्ट यंत्राचे. ज्या लोकांच्या जिवावर मी शब्दकोड्याची थोरवी गात होतो ते यंत्राच्या शेजारी बसूनच काम करत होते, आणि तेच करणाऱ्या पोरीला मी विचारत होतो, यात तू काय केलंस?

यानंतर माझी कुरकुर थांबली. पण दुसरा बदल यापेक्षा मोठा आहे आणि तो कोड्यांबद्दलचा नाही.

लपवलेली गोष्ट सुरक्षित असते, असं मी धरून चाललो होतो. लहानपणी आम्ही 'च'ची भाषा बोलायचो. 'मला' म्हणजे 'चलाम', 'कुठे' म्हणजे 'चुठेक'. मोठ्यांना कळत नाही या खात्रीने त्यांच्यासमोरच बेत ठरायचे. ती रीत ज्याला माहीत त्याला सगळं उघडं, कारण या भाषेला किल्ली नाही, नुसती रीत आहे. बेस सिक्स्टीफोरचंही तसंच. आणि वाचता येत नाही म्हणजे सुरक्षित आहे, ही समजूत मोठ्यांच्या जगात किती खोल रुजलेली आहे ते मला नवख्यांच्या एका कोड्याने दाखवलं. 'डोन्ट युज क्लायंट साइड' असं त्याचं नाव आहे. एक वेबपान पासवर्ड मागतं. चुकीचा दिला की नाही म्हणतं. पण पासवर्ड बरोबर की चूक हे तपासणारा प्रोग्राम त्या पानासोबतच आपल्या ब्राउझरमध्ये आलेला असतो. पानाचा मूळ मजकूर बघण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. तिथे गेलं की पासवर्डचे तुकडे उलटसुलट क्रमाने ठेवलेले दिसतात, ते जुळवले की झालं. पुरवणीत कोड्याखालीच उत्तर उलटं छापावं आणि वाचक अंक फिरवून बघणार नाही असं समजावं, तसला हा प्रकार.

ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनावर लिहिताना एक नियम घालून दिला: तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. या नियमाचं नाव मी पूर्वी वाचलं होतं. अर्थ कळला तो माझ्या मेलमध्ये येणाऱ्या एका पीडीएफवर. आपल्या सगळ्यांनाच अशी पीडीएफ येतात. 'पासवर्ड: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारखेतला दिवस व महिना.' पद्धत पत्रातच लिहिलेली असते, आणि केर्कहॉफ्सच्या हिशेबाने तो दोष नाही. दोष किल्लीत आहे. नाव पत्रावरच असतं. उरले दिवस आणि महिना, म्हणजे २९ फेब्रुवारी धरून फक्त ३६६ शक्यता. नवख्यांच्या कोड्यांत याहून मोठ्या किल्ल्या मी कागद-पेन्सिल आणि पुतणीने लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रामने शोधल्या आहेत. इतकी वर्षं मी त्या पीडीएफकडे कुलूपबंद पेटी म्हणून बघत होतो. माझ्या वयाच्या बहुतेक लोकांना सुरक्षिततेच्या नावाखाली फक्त 'ओटीपी सांगू नका' एवढंच सांगितलं जातं. ते योग्यच आहे, पण कुलूप म्हणजे काय आणि कडी नुसती लोटलेली म्हणजे काय, यातला फरक त्याने समजत नाही. या कोड्यांनी तो मला हाताने करून दाखवला.

एक शंका माझ्याही मनात होती आणि ती अनेक आईवडिलांच्या मनात असते: ही फोडाफोडीची विद्या शिकवायची कशाला? उत्तर साधं आहे. ही कोडी फोडण्यासाठीच मांडलेली असतात. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून, अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुतणीच्या गटातल्या मुलांना हे कलम माझ्यापेक्षा चांगलं माहीत निघालं.

सगळंच पटलं असं मात्र नाही. काही कोडी वाईट असतात आणि मी ती वाईटच म्हणणार. चित्रात संदेश दडवायचा, त्याला पासवर्ड लावायचा, आणि तो पासवर्ड काय असावा याचा धागा कुठेच ठेवायचा नाही. मग सोडवणाऱ्याने कोडेकाराच्या मांजराचं नाव ओळखत बसायचं. त्या मुलांतही असल्या कोड्यांना 'गेसी' म्हणून नाक मुरडतात. माझा जुना निकष इथे शाबूत आहे: उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याने स्वतःच्या कपाळावर हात मारावा, रचणाऱ्याच्या नव्हे. आणि हल्ली चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना नवख्यांची बरीच कोडी सरळ विचारता येतात, ती सोडवूनही देतात. माझा जुना आक्षेप नवे कपडे घालून परत आला म्हणा. पण शेजाऱ्याला विचारून शब्दकोडं भरणारेही पूर्वीपासून होतेच. त्यांच्यासाठी कुणी शब्दकोडं बंद केलं नाही.

एका बाबतीत तर ही मुलं आमच्या पुढे आहेत. स्पर्धा संपली की सोडवणारे 'राइटअप' लिहितात: आधी काय वाटलं, कुठे अडलो, कुठली वाट चुकीची निघाली, शेवटी कसं सुटलं. आमच्या क्षेत्रात पुढच्या अंकात उत्तरं छापली की विषय मिटला. माझं कोडं कुणी कोणत्या वाटेने सोडवलं हे मला आजवर एकाही वाचकाने लिहून कळवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

ही कोडी बहुतेक सगळी इंग्रजीत आहेत. अक्षरं सरकवायची तर इंग्रजी सव्वीसच. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी सरकवायची की नाही, जोडाक्षराचं काय करायचं, अनुस्वार कुणाच्या पदरात घालायचा, हे प्रश्न कुणी कोड्यात उतरवलेले माझ्या पाहण्यात नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे असं मला वाटतं. शाळा-महाविद्यालयांत संगणक शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना माझी विनंती आहे. नवख्यांसाठी अशी वीस-पंचवीस कोडी मराठीत तयार करूया. फाइली, वेबपानं आणि तपासणीची बाजू तुम्ही सांभाळा. शोधसूत्रं लिहायला आणि 'गेसी' कोडी बाद करायला मी बसतो. या पुरवणीच्या पत्त्यावर पत्र टाकलंत तर मला मिळेल.